मामांची दाढी

बाबांचे सगळे शब्द गेले आणि एकच मागे राहिला. "बसा."

झटका आला तो दुकानातच. गिऱ्हाइकाच्या मानेवर पावडर झटकता झटकता बाबांचा उजवा हात खाली लोंबला, तोंड एका बाजूला ओघळलं, आणि आरशात ते पाहून गिऱ्हाईकच आधी ओरडलं. बाजूच्या खुर्चीपाशी लेक एकाचे केस कापत होती. तिने कात्री टाकली आणि बाबांना पडता पडता कवेत घेतलं. मग हॉस्पिटल, मग आयसीयू, मग काचेचं दार आणि दाराबाहेरचं ते बाकडं, ज्याच्यावर बसून माणूस दिवस आणि वार विसरतो.

बाबांनी डोळे उघडले तेव्हा डॉक्टर राउंडला आले होते. "बाबा, नाव सांगा बघू तुमचं."

बाबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, दारात आलेल्या नव्या माणसाकडे पाहावं तसं. ओठ हलवले, जीभ चाचपली, आणि म्हणाले, "बसा."

डॉक्टर म्हणाले, मेंदूत बोलण्याची जागा असते, तिथला रक्तपुरवठा तुटलाय. अशा वेळी कधीकधी एखादा शब्द शाबूत राहतो. रोजच्या वापरातला, जिभेला पाठ झालेला. "काय करायचे हे?"

"न्हावी," लेक म्हणाली. "सलून आहे आमचं. मीही तेच करते."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांना कोडं सुटल्यासारखं वाटलं असावं. लेकीला मात्र रडू फुटलं. आयुष्यभर दारात येईल त्याला बाबा हाच एक शब्द देत आले होते. सगळं गेलं तरी तेवढं त्यांनी मुठीत धरून ठेवलं होतं.

मग तहान लागली की बसा. दुखलं की बसा. राग आला की जोरात बसा. सुई घेऊन आलेल्या सिस्टरला बसा, फरशी पुसणाऱ्या बाईला बसा, औषधांचा ट्रे घेऊन पळणाऱ्या पोरसवदा डॉक्टरणीलाही बसा. वॉर्डात सगळीच माणसं दिवसभर पायांवर. कुणाला पाणी प्यायचं तर ते उभ्याने, फोनवर घरच्यांशी बोलायचं तर ते चालता चालता.

"इतकी वर्षं नोकरी झाली," मोठ्या सिस्टर म्हणायच्या, "पण आम्हाला बसा म्हणणारा पेशंट हा पहिलाच." आणि बसायच्या मात्र नाहीत. बाबांचं नाव बसाबाबा पडलं ते तिथेच.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. "लग्न झाल्यापासून मी उभी आहे यांच्या घरात. मला कधी नाही म्हणाले. आता म्हणताहेत, तर साऱ्या जगाबरोबर मलाही." असं म्हणायची आणि बाहीने डोळे पुसायची.

त्या वॉर्डात मामा होते. कुणाचे सख्खे मामा नव्हेत, वॉर्डाचे मामा. उचलणं, वळवणं, पुसणं, नेणं, आणणं, ही त्यांची कामं. माणूस हा एवढा थोराड, पोट पुढे, मिशी त्याच्याही पुढे, पण पाय असे टाकायचे की झोपलेल्याला चाहूल लागू नये. बाबांची उजवी बाजू भिजल्या पोत्यासारखी जड झाली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ठरावीक वेळाने त्यांना कुशीवर वळवावं लागे. मामा दोन्ही हात बाबांच्या अंगाखाली सरकवायचे, तोंड कानाशी न्यायचे आणि म्हणायचे, "बाबा, अंग सोडा. मी धरलंय."

लेक हे काचेतून बघायची. उभा जन्म बाबांनी लोकांची डोकी हातात घेतली होती. मान सोडा, ताठ धरू नका, असं सांगून सांगून दमले होते. आता त्यांनाच कुणीतरी सांगत होतं.

ताप चढला तो दिवस सगळ्यात वाईट. डॉक्टरांचे चेहरे बदलले. आईला कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला आणि तो तिने तसाच धरून ठेवला. मामांची पाळी सकाळीच संपली होती. ते घरी गेले नाहीत. दिवसभर ओल्या फडक्याने बाबांचं अंग पुसत राहिले, कपाळ, काख, तळवे, पुन्हा कपाळ. दुपारी कधीतरी दारातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "काकू, उतरतोय." दोनच शब्द, पण आईच्या हातातला ग्लास तेव्हा कुठे ओठाला लागला.

आणि दाढीही मामांनीच केली. बाबांच्या नाकातून नळी घातली होती, तिची चिकटपट्टी वाढलेल्या खुंटांवर धरेना. दुसऱ्या दिवशी लेक भेटीच्या वेळी आत गेली आणि बघतच राहिली. एका गालावर केसांची बेटं. एक कल्ला कानाच्या वर, दुसरा कानाच्या खाली. हनुवटीवर कापल्याची खूण.

"कुणी केली ही?"

"मी." मामा लाजले. "बरी झालीय ना?"

"छान झालीय," लेक म्हणाली.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "खोटारडी. दुकानातल्या शिकाऊने अशी केली असती तर तुझ्या बापाने त्याला पायरी उतरायला लावली असती."

पण बाबांनी काय केलं होतं ते लेकीने पाहिलं होतं. डावा हात उचलून त्यांनी आपल्या गालावरून फिरवला, खालून वर, केसांच्या उलट्या दिशेने, गिऱ्हाइकाचा गाल तपासतात तसा. बेटांवर बोटं अडली. हसल्यासारखं काहीतरी त्या वाकड्या तोंडावर उमटलं. मग तोच हात त्यांनी मामांच्या मनगटावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बाबा घरी आले. काठी आली, रबरी चेंडू आला, हात वर करा, मूठ दाबा, बोटं मोजा असं शिकवणाऱ्या बाई येऊ लागल्या. पाय बऱ्यापैकी परतला. हात अर्धाच परतला. पकड आली, पण नेमकं काही करायला गेलं की बोटांची टोकं पाण्यातल्या सावलीसारखी हलू लागायची. बाबा रोज दुकानात येऊन कोपऱ्यात बसत. येणाऱ्याला म्हणत, "बसा." गिऱ्हाइकं लेकीच्या खुर्चीत बसत. बाबांची खुर्ची रिकामी असे, आणि लेक ती रोज पुसत असे.

तपासणीसाठी पुन्हा हॉस्पिटलला जायचं ठरलं तेव्हा लेकीने फळांची मोठी टोपली बांधून घेतली. डॉक्टरांना दाखवून झाल्यावर तिघं वॉर्डाकडे वळली. बाबांच्या पलंगावर आता दुसरंच कुणी होतं, तशीच नळी, तशीच पट्टी. दाराबाहेरच्या बाकड्यावर एक बाई बसून होती. आई आपोआप तिच्याशेजारी टेकली आणि तिचा हात हातात घेतला. ओळख ना देख.

बाबांना पाहून सगळे गोळा झाले. "बसाबाबा आले! चालत आले!" मोठ्या सिस्टरांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आपणच शिवलेला कपडा बघावा तसं. मामा चादरींची गाडी ढकलत आले आणि गाडी तिथेच सोडून उभे राहिले.

लेकीने मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. तुम्ही नसता तर. आम्ही जन्मभर. पण ऐन वेळी तिने नुसती टोपली पुढे केली.

बाबांनी ती काठीने बाजूला सारली.

"अहो बाबा!"

बाबा दोन पावलं पुढे गेले. काठी काखेत मारून डाव्या हाताच्या दोन बोटांनी मामांची हनुवटी धरली. चेहरा या बाजूला वळवला, त्या बाजूला वळवला. मामांनी सलग पाळ्या केल्या होत्या, खुंट चांगले वाढले होते. बाबांनी जिभेने च्यक् केलं. मग त्यांचा उजवा हात वर आला. बोटांत नसलेला वस्तरा त्यांनी बरोबर धरला, करंगळी उचलून, आणि मामांच्या गालापासून वीतभर अंतरावर हवेतल्या हवेत वरून खाली ओढला. हात थरथरत होता.

"बसा," ते म्हणाले.

कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

"मामा, नंबर लागला तुमचा!" मोठ्या सिस्टर हसल्या. "पण बाबा, मिशीला धक्का नको हं. तिला भिऊनच अर्धा वॉर्ड औषध घेतो."

लेक मात्र मध्ये आली. "मी करते ना मामांची दाढी," ती घाईने म्हणाली. "म्हणाल तेव्हा करते."

बाबांनी मान हलवली. नाही. छातीवर तळहात आपटला. मी.

मामांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. "येतो की," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात रात्रपाळी आहे. सुटलो की सरळ दुकानात येतो."

घरी परतताना रस्ताभर बाबा खुशीत होते. काठी नुसती नावाला टेकवत होते.

"आई, तू तरी सांग त्यांना," लेक स्वयंपाकघरात कुजबुजली. "वस्तरा आहे तो, चमचा नाही. चमच्यातलं दूध सांडतं त्यांच्या हातून."

"मामा काय ओरडणार आहेत का जरा लागलं तर?"

"मामा नाही ओरडणार. मामा हसतील, कापूस लावतील आणि जातील. मग बाबांचं काय?"

आईने भांडं घासता घासता हात थांबवला. तिला कळलं. ज्या माणसाने मरणाच्या दारातून ओढून आणलं, त्याच्याच अंगावर आपल्या हाताने जखम केली, तर बाबा पुन्हा कधी वस्तऱ्याकडे बघणारही नाहीत. आत्ता निदान वाट तरी बघताहेत.

"आणि नाही करू दिली तर?" आई म्हणाली. "तर वस्तऱ्याकडे बघतील का?"

दुसऱ्या दिवशी लेक फुग्यांचं पाकीट घेऊन आली.

ती शिकली ती फुग्यावरच. बाबांनीच शिकवलं होतं. फुगा फुगवायचा, साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो फेस असा उतरवायचा की फुगा फुटू नये. लहानपणी तिने केवढे फुगे फोडले, आणि प्रत्येक फुग्याला दचकून केवढी हसली होती. तिला वाटलं, आपण बापाला शिकाऊ केलं म्हणून बाबा चिडतील. बाबांनी फुग्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि फुगा जवळ ओढून त्याच्या गुबगुबीत गालावर चापट मारली. बसा.

पहिला फुगा वस्तरा टेकताच फुटला. फेस आरशावर, फेस भिंतीवर, फेस आईच्या चष्म्यावर. दुसराही फुटला. शेजारीण खिडकीतून डोकावली. "कुणाचा वाढदिवस गं?"

"मामांच्या दाढीचा," आई चष्मा पुसत म्हणाली.

मग रोज संध्याकाळी दुकानाचं दार लोटलं की बापलेक फुगे घेऊन बसू लागली. बाबांनी एक युक्ती शोधली. उजवं कोपर बरगडीला टेकवायचं आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरायचं. मग थरथर कमी होई. एखादा फुगा सगळा फेस उतरून गुळगुळीत, शाबूत हातात राही. त्या दिवशी बाबा जेवताना पुन्हा वाढून घेत. एखादा फुटे, आणि बाबा तो रबराचा तुकडा बोटांत धरून बसून राहत. फुग्याला रक्त नसतं, फुगा हाय म्हणत नाही, पण बाबांच्या चेहऱ्याकडे लेकीला बघवत नसे.

शेवटी मामांच्या रात्रपाळीचा आठवडा लागला तशी ती रात्री कुणाला न सांगता हॉस्पिटलला गेली. मामा कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालत होते. खोली स्वच्छ धुतल्या कपड्यांच्या ऊबदार वासाने भरली होती. तिने चादरीची दुसरी दोन टोकं धरली.

"मामा, तुम्ही येऊ नका."

"का हो ताई? दुकान बंद आहे?"

"दुकान चालू आहे. बाबांचा हात चालू नाही." चादर मधोमध दुमडली. दोघं एक एक पाऊल पुढे आली. "फुग्यांवर करून बघतोय रोज. अजून फुटतात."

"म्हणजे माझं तोंड फुग्यासारखं आहे म्हणता?"

तिला हसू आलं नाही. "गळ्याशी शीर असते मामा. मी तुमच्या घरच्यांना काय तोंड दाखवू काही झालं तर? तुम्ही फोन करा. म्हणा, पाळी बदलली. म्हणा, गावाला गेलो. आमच्यासाठी एवढं केलंत, आणखी एक खोटं बोला."

मामांनी तिच्या हातातून टोकं घेतली, घडी रचून ठेवली, दुसरी चादर झटकली.

"ताई, तुमचे बाबा माझ्या हातात किती तरी दिवस होते," ते म्हणाले. "शी, शू, अंघोळ, सगळं. पहिल्यांदा मी त्यांना पुसायला गेलो तेव्हा चांगल्या हाताने मला ढकलत होते. शरमेने डोळे घट्ट मिटलेले. स्वच्छ माणूस तो, दुसऱ्यांना स्वच्छ करणारा. मग एके दिवशी सोडलं त्यांनी अंग. सोपं नसतं ते. मी बघतो ना इथे. जीव सोडतात माणसं, पण अंग सोडत नाहीत."

लेकीने दुसऱ्या चादरीचं टोक धरलं.

"त्यांनी एकदा नजरेनेसुद्धा विचारलं नाही, तुझा हात कसा आहे म्हणून. आणि आता त्यांनी बोलावलं, तर मी विचारू?"

"पण कापलं तर?"

"मी नाही कापलं? अहो, न्हाव्याची दाढी केली मी, या असल्या हातांनी! हिंमत बघा माझी." आता मात्र तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरले. मामा चादरीकडेच बघत राहिले. "बरे होऊन जातात ते मिठाई देऊन जातात. बरे न होता गेलेल्यांचे लोकसुद्धा कधीकधी येतात, भिंतीला हात लावून जातात. सगळं पोचतं आम्हाला. पण तुझ्यासाठी काहीतरी करतो, ये, असं कुणी म्हणालं नव्हतं. मला यायचंय ताई."

"मग मी शेजारी उभी राहणार. मला वाटलं तर मी हात धरेन त्यांचा."

"ते तुम्ही बापलेक बघा. माझे डोळे मिटलेले असणार."

मामा आले ते उन्हं नुकतीच पायरीवर चढली होती तेव्हा. रात्रभर जागून डोळे लाल, चेहरा ओढलेला. बाबा केव्हाचे तयार होते. धुतलेला एप्रन, भांग पाडलेला. त्यांनी आपल्या खुर्चीची पाठ थोपटली. "बसा."

खुर्ची करकरली. "काकू, मोडली तर सांगू नका कुणाला," मामा म्हणाले.

"मोडू दे," आई म्हणाली. "रोज रिकामी बघून मलाच मोडावीशी वाटत होती."

बाबांनी मामांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. गाठ मारायला वेळ लागला. लेक पाठीमागे हात बांधून उभी राहिली, हात पुढे गेले तर मदत करून बसतील म्हणून. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल बाबांनी मामांच्या चेहऱ्यावर ठेवला आणि दोन्ही तळव्यांनी हलके दाबला. मग डाव्या हाताने ब्रश घेऊन फेस लावू लागले. गोल, गोल, गालावरून हनुवटीवर, हनुवटीवरून गालावर. दळण दळावं तशी एकसारखी लय. फेस फुलत गेला, मामांचे खांदे खाली खाली उतरत गेले.

मग वस्तरा. बाबांनी पातं बसवलं, कोपर बरगडीला टेकवलं, डाव्या हाताने मनगट धरलं. कल्ल्याखाली पातं टेकलं आणि ओढलं.

पातं पुढे जाईना. मामांचा गाल पात्याबरोबर खाली आला, फेसाची वळी झाली, कातडीला सुरकुती पडली.

बाबा थांबले. काय विसरलं ते बापलेकीला एकदमच कळलं. फुगा आधीच ताणलेला असतो. माणसाचा गाल तसा नसतो. तो दुसऱ्या हाताने वर ओढून धरावा लागतो, आणि बाबांचा दुसरा हात मनगट धरण्यात अडकला होता. आठवडाभर सराव केला, दोघंही पक्के कारागीर, आणि ही साधी गोष्ट दोघांच्याही डोक्यात आली नव्हती.

बाबांनी मनगट सोडून पाहिलं. पात्याचं टोक हलू लागलं. त्यांनी वस्तरा वर उचलला. आरशात त्यांचा चेहरा पार उतरला होता, रबराचा तुकडा हातात धरून बसायचे तसा.

आई दारापासून एक पाऊल पुढे आली.

लेकीने पाठीमागचे हात सोडले. वस्तऱ्याला तिने हात लावला नाही. खुर्चीच्या पलीकडच्या बाजूला गेली, मामांच्या कानशिलावर दोन बोटं टेकवली आणि कातडी अलगद वर ओढून धरली. गाल तुकतुकीत ताणला गेला.

"ओढा बाबा," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग कोपर बरगडीला, डावा हात मनगटाला, आणि पातं खाली आलं. सर्र असा बारीक आवाज झाला. फेसाखालून मामांचा गाल निघाला, धुतल्या पाटीसारखा स्वच्छ.

तीन हातांची दाढी सुरू झाली. बाबा पातं नेतील त्याच्या आधी तिची बोटं तिथे जात, कातडी ताणत आणि वाट बघत. बाबांना काही सांगावं लागत नव्हतं. एवढा वेळ त्यांना एका गालाला कधी लागला नसेल. उजवा गाल झाला. डाव्या गालाच्या मध्यावर मामा घोरू लागले.

घोरणं साधंसुधं नव्हतं. मिशी वर उडत होती, गाल हलत होते, खुर्चीही हलत होती. बाबा पुन्हा थांबले. थोडा वेळ नुसतं बघितलं. मग श्वास आत गेला की हात वर आणि बाहेर पडला की एक ओढ, असा त्यांनी मेळ बसवला. आईने तोंडावर हात दाबून हसू आवरलं. हनुवटीवर एक लाल ठिपका उमटला, मोहरीएवढा. बाबांचा हात आखडला. लेकीने ओला टॉवेल दाबला, काढला. ठिपका पुन्हा आला नाही. मामांना पत्ताही नव्हता. बाबांनी मोठा श्वास घेतला आणि उरलेली हनुवटी उतरवली.

राहिला गळा.

बाबांनी मामांची मान मागे घेतली. एवढा धिप्पाड माणूस, पण गळा कुणाचाही असतो तेवढाच कोवळा. फेसाखाली कंठमणी वरखाली होत होता. बाबांनी पातं टेकवलं. उचललं. पुन्हा टेकवलं. लेकीची बोटं जबड्याखाली होती. धरू का हात, धरू का, असं तिला सारखं वाटत होतं, आणि तिने हात धरला नाही.

बाबांनी पातं तिसऱ्यांदा उचललं आणि आपल्याच हाताकडे पाहिलं. रागाने नाही. शिकाऊ पोराचा हात बघावा तसं, किती तयार झालाय, किती राहिलाय. मग वस्तरा टॉवेलला पुसला, उलटा केला आणि मूठ लेकीपुढे धरली.

तिने घेतला.

बाबा खुर्चीमागे गेले. मामांचं डोकं त्यांनी दोन्ही तळहातांत घेतलं, उजव्यातही, आणि गळ्याची कातडी नीट ताणली जाईल एवढंच मागे ओढून धरलं. मामांच्या मानेत जराही ताठा नव्हता. सगळा भार बाबांच्या हातांवर होता. लेकीने पातं टेकवलं. बाबांनी च्यक् केलं.

"काय?"

बाबांनी भुवईने दाखवलं. फार उभा धरलास.

"बरं बाबा," ती म्हणाली, आणि वस्तरा थोडा आडवा केला.

तेवढ्यात मामांच्या खिशात फोन वाजला. आई धावत आली, कापडाखाली हात घालून फोन काढला, कानाला लावला. मोठ्या सिस्टर होत्या.

"मामा, कपड्यांच्या कपाटाची किल्ली खिशात घालून गेलात ना?"

"मी मामा नाही," आई कुजबुजली. "मामांचा गळा बाकी आहे."

"काय बाकी आहे?"

"गळा. गाल झाले. झोपलेत ते."

"झोपलेत?" सिस्टरांचा आवाज चढला. "आमचे मामा? खुर्चीत?"

"ऐका." आईने फोन मामांच्या मिशीपाशी धरला. मग पुन्हा कानाला लावला. पलीकडे सिस्टर कुणाकुणाला हाका मारत होत्या, अगं इकडे ये, हे ऐक. कुणीतरी खुदकन हसलं.

"उठवू का?" आईने विचारलं. "किल्ली पाठवते कुणाकडून तरी."

"नको, नको. किल्ली खिशातच राहू दे, काढताना जाग येईल. चादरी आम्ही खालच्या मजल्यावरून मागवतो." सिस्टरांचा आवाज खाली आला. "कोण करतंय दाढी? बसाबाबा?"

आईने खुर्चीकडे पाहिलं. बाबा डोकं धरून उभे होते, ओणवे, नजर पात्यावर. लेक पातं धरून थांबली होती.

"दोघं मिळून," आई म्हणाली, आणि दाराबाहेर एक गिऱ्हाईक पायरी चढत होतं त्याला हातानेच थोपवलं.

मामांचा श्वास आत गेला. लेक थांबली. श्वास बाहेर पडू लागला तशी बाबांची बोटं कातडीवर किंचित घट्ट झाली, आणि तिने वस्तरा वरून खाली ओढला.